थंडीत सरडा जातो कुठे? पिंजऱ्याशिवाय सरपटणारे प्राणी सांभाळायची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचा नेट पॅक संपलाय, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय. बोलतो तसंच लिहिलंय, त्यामुळे वाचताना आवाज कानात आला तर नवल वाटून घेऊ नका.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमुळे सुचला. बीड जिल्ह्यातल्या नेकनूरहून एका श्रोत्यानं विचारलंय, "दादा, यूट्यूबवर इंग्लंड-जर्मनीतले लोक घरामागच्या बागेत सरडे पाळताना दिसतात. तिथं तर बर्फ पडतो. मग आपल्या नेकनूरला डिसेंबरमधी सरडा नाहीतर घोरपड अंगणात ठेवली, तर जगंल का?"

प्रश्न भारी आहे. वरवर पाहिलं तर 'कायद्यानं चालत नाही' असं एका ओळीत उत्तर देऊन मोकळं होता येईल. कायद्याचं बोलूच, पण आधी त्या प्रश्नातली खरी गंमत बघू. बर्फ पडणाऱ्या देशात सरडा उघड्यावर जगतो कसा? आणि तो तिथं जगतो म्हणून आपल्याकडे पिंजऱ्यात जगेल का?

थोडक्यात सांगायचं तर नेकनूरच्या थंडीत सरडे, पाली, सापसुरळ्या, घोरपडी उघड्यावर जगतातच आहेत, आणि तेही हजारो वर्षांपासून. आपण त्यांना पिंजऱ्यात घातलं, तरच त्यांचं जगणं अवघड होतं. असं का, ते आता सविस्तर ऐका.

थंड रक्त म्हणजे नेमकं काय?

शाळेत आपण घोकलंय की सरपटणारे प्राणी थंड रक्ताचे असतात. शब्द जरा फसवा आहे. दुपारी उन्हात बसलेल्या सरड्याचं रक्त थंड बिंड काही नसतं, चांगलं तापलेलं असतं. फरक एवढाच की आपण अंगातली ऊब जेवणातून तयार करतो आणि सरडा ती बाहेरून घेतो. ऊन, तापलेला दगड, गरम पत्रा हीच त्याची शेगडी.

आता याचा फायदा बघा. अंग गरम ठेवायला अन्न जाळावं लागत नाही, म्हणून त्याला खायला कमी लागतं. उंदराला रोज पोट भरावं लागतं, सरडा काही दिवस सहज उपाशी राहतो. दुष्काळी भागात हे वरदानच म्हणायचं.

तोटाही आहे. ऊन नसलं की सगळंच मंदावतं. पळणं, पचवणं, रोगाशी लढणं, सगळं. पोटात किडे भरलेले असताना अंग बराच काळ गार राहिलं, तर ते किडे पचत नाहीत, आतच सडायला लागतात. म्हणून थंडी वाढायच्या आधी हे प्राणी खाणं कमी करतात. हिवाळ्यात सरडा खात नाही म्हणजे तो आजारी आहे असं नाही. त्यानं चूल विझवून ठेवलेली असते.

म्हणजे सरड्याला दिवसभर फिरत राहावं लागतं. सकाळी तो उन्हाला अंग आडवं करतो, रंगही थोडा गडद करतो, म्हणजे लवकर तापतो. अंग तापलं की शिकारीला निघतो. दुपारी फार तापलं तर सावलीत, संध्याकाळी फटीत. ऊन ते सावली, सावली ते बीळ, ही ये-जा म्हणजेच त्याचं जगणं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

बर्फाच्या देशात सरडे उघड्यावर कसे राहतात?

आता यूट्यूबवाल्या बागांकडे वळू. युरोपात काही चिवट जातीचे सरडे आहेत. इंग्लंडमध्ये 'सँड लिझर्ड' नावाचा सरडा आहे, नर वसंत ऋतूत हिरवागार होतो. त्याची राहायची वाळूची माळरानं कमी होत गेली आणि तोही कमी झाला. मग चेस्टर आणि मारवेलसारख्या प्राणिसंग्रहालयांनी आणि सरडे जपणाऱ्या संस्थांनी त्याची पैदास करून पिल्लं रानात सोडायला सुरुवात केली. ही पैदास उघड्यावरच्या आवारांत होते.

अशा आवारात काय असतं? सूर्य दक्षिणेकडून कलतो म्हणून दक्षिणेला तोंड केलेला उतार. अंडी घालायला उघडी, ऊन पडणारी वाळू. गवत-झुडपांचा आडोसा. दगड-विटांचा खोल भराव, म्हणजे गोठणारी थंडी पोचत नाही तिथपर्यंत सरडा खाली जाऊ शकेल. पाणी साचू नये म्हणून निचरा. भोवती गुळगुळीत भिंत, वर पक्ष्यांपासून आणि मांजरांपासून वाचवायला जाळी. हिवाळ्याचे पाच-सहा महिने सरडा त्या भरावात शीतनिद्रेत पडून राहतो.

बघा, यात हीटर कुठेच नाही. सगळा खेळ खोलीचा आहे. जमिनीत जसजसं खाली जावं, तसतसं तापमान स्थिर होत जातं. आपल्याला हे सांगायला पुस्तक नको. जानेवारीत पहाटे विहिरीचं पाणी काढलं की ते कोमट लागतं, आणि मे महिन्यात तेच पाणी गार लागतं. पाणी जवळपास तेवढंच असतं, वरची हवा बदललेली असते. जुन्या काळी धान्य जमिनीतल्या पेवात ठेवायचे, त्यामागेही हेच. सरड्याचं बीळ म्हणजे त्याचं पेवच.

काही प्राणी तर त्याहून पुढे गेलेत. लडाखमध्ये चार हजार मीटरच्या वर एक छोटा सरडा राहतो, फ्रिनोसेफॅलस थिओबाल्डी हे त्याचं शास्त्रीय नाव. तिथल्या गार जमिनीत अंडी उबणार कशी? म्हणून तो अंडी घालतच नाही. मादी अंडी पोटातच वाढवते, स्वतः उन्हात बसून त्यांना ऊब देते आणि थेट पिल्लांना जन्म देते. उत्तर ध्रुववृत्तापलीकडे पोचलेला युरोपातला एक सरडाही हेच करतो. थोडक्यात, चालतीफिरती उबवणी!

नेकनूरच्या थंडीत काय होतं?

आता घरी येऊ. नेकनूर हे बालाघाटच्या डोंगररांगेतलं गाव, मांजरसुंब्याहून केजकडे जाताना लागतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो, कधी त्याखालीही जातो. पण दुपारी ऊन कडक असतं. म्हणजे आपली थंडी रात्रीपुरती, युरोपासारखी सलग पाच महिन्यांची नाही. म्हणून आपल्याकडचे प्राणी सहसा पूर्ण शीतनिद्रेत जात नाहीत. ते अर्धवट सुट्टी घेतात. गार दिवस असला की बिळात, ऊन चांगलं असलं की दुपारी बाहेर.

कोण कुठं जातं ते बघा. बागेतला सरडा झाडाच्या सालीखाली, कुंपणाच्या दगडांत, पालापाचोळ्यात शिरतो. पाल फोटोफ्रेमच्या मागं, मीटरच्या पेटीमागं, दुकानाच्या पाटीमागं जाते. सापसुरळी दगडाखाली आणि मातीत. काळ्या रानाला भेगा पडतात ना, त्या भेगाही कितीतरी जिवांचं घर असतात. घोरपड बिळात, झाडाच्या ढोलीत किंवा कपारीत बसते आणि ऊन चांगलं वर आलं की बिळाच्या तोंडाशी येऊन अंग शेकते.

आणखी एक गोष्ट, जी फार जणांना ठाऊक नसते. घोरपड पावसाळ्यात जमिनीत अंडी घालते, आणि पिल्लं बाहेर यायला सहा महिन्यांहून जास्त काळ लागू शकतो. म्हणजे हिवाळाभर ती अंडी आपल्या बांधात, वारुळात, उतारावरच्या मातीत असतात. आपण वर रब्बीची ज्वारी राखत असतो आणि खाली घोरपडीची पुढची पिढी वाढत असते.

आता पिंजऱ्याचा विचार करा. लोखंडी जाळीचा पिंजरा, खाली फरशी, ठेवला ओसरीत. रात्री जाळी आणि फरशी दोन्ही गार पडतात. खाली जायला माती नाही. सकाळी ऊन अंगणात पडतं आणि पिंजरा सावलीत. किंवा उलटं होतं. पिंजरा उन्हात ठेवून आपण शेतात गेलो, तर दुपारी सावलीत जायला त्याला जागा नाही. थंडीनं मरायच्या आधी तो उन्हानंच मरेल. बीडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, तेव्हा काय होईल ते सांगायला नको. मघाशी म्हटलं ना, ये-जा म्हणजेच त्याचं जगणं. पिंजरा नेमकी तीच ये-जा बंद करतो.

बाहेर ठेवलेला परका प्राणी: मेला तरी घोटाळा, जगला तरी घोटाळा

कुणी म्हणेल, "देशी नको, परदेशी आणू. शहरात इग्वाना विकत मिळतो म्हणे." बरं, त्याचंही बघू.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात हिरवे इग्वाना पाळीव म्हणून आले आणि सुटून पसरले. ते मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. २०२० च्या जानेवारीत तिथं कडाक्याची थंडी पडली, तेव्हा मायामीच्या हवामान खात्यानं लोकांना चक्क सूचना दिली की झाडांवरून इग्वाना पडताना दिसले तर आश्चर्य वाटून घेऊ नका. गारठ्यानं त्यांचं अंग आखडतं, फांदीवरची पकड सुटते आणि ते धपकन खाली येतात. ऊन लागलं की बरेच पुन्हा चालायला लागतात, काही मरतात. बिळात शिरून थंडी काढायची सवय नसलेल्या प्राण्याला बाहेर ठेवलं की असं होतं.

आता दुसरी बाजू. कॅनडात व्हँकुव्हर बेटावर १९७० मध्ये एका छोट्या खासगी प्राणिसंग्रहालयातून साधारण डझनभर युरोपी 'वॉल लिझर्ड' मोकळे झाले. हे मात्र चिवट होते. थंडी काढली, भिंतींच्या फटींत राहिले, वाढले. आज त्या बेटावर त्यांची संख्या लाखांच्या घरात असल्याचं तिथले अभ्यासक सांगतात, आणि मूळच्या छोट्या प्राण्यांचं काय होणार ही चिंता आहे. एक डझन सरडे फक्त, बरं का!

आपल्याकडे याचंच छोटं रूप म्हणजे लाल कानाचं छोटं कासव, जे माशांच्या दुकानात मिळतं. लहान असताना नाण्याएवढं गोंडस दिसतं, मोठं झालं की टाकी पुरत नाही, मग लोक ते तळ्यात सोडून देतात. जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर घुसखोर जातींच्या यादीत ते आहे.

म्हणजे परका प्राणी नाजूक असला तर तो आपल्या अंगणात हाल होऊन मरतो, आणि चिवट असला तर गावाच्या डोक्याला ताप होतो. जो प्राणी इथलाच आहे, त्याला मात्र आणावंही लागत नाही.

कायदा काय म्हणतो?

आता कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जेवढं संरक्षण तेवढंच घोरपडीला. तिला पकडणं, मारणं, घरात ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे. शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, आणि दंड किमान २५ हजार रुपये.

मांडूळ हा आपल्या भागातला जास्त नाजूक विषय. 'दुतोंड्या', पैशाचा पाऊस, गुप्तधन, परदेशात कोटींची किंमत असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. मांडुळाला तोंड एकच असतं. शेपूट बोथट असते, म्हणून ती दुसऱ्या तोंडासारखी दिसते आणि शत्रू फसतो. शत्रूला फसवायची युक्ती ती, आणि फसतो आपण! या नादात गावातली कितीतरी पोरं पोलीस केसमध्ये अडकलीत. आणि मांडूळ करतो काय? बिळात शिरून उंदीर खातो. शेतकऱ्याला त्याच्याकडून खरंच धन मिळतं, पण ते धान्याच्या रूपात.

तसंच 'हत्थाजोडी'. जोडलेल्या हातांसारखी दिसणारी दुर्मिळ मुळी म्हणून ती ऑनलाइनसुद्धा विकली जात होती. २०१७ मध्ये उघड झालं की ती मुळी नव्हेच, घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. देव्हाऱ्यात काय ठेवलंय हे कळल्यावर कितीजणांनी हात धुतले असतील!

कासवाचंही तेच. घरात कासव ठेवलं की लक्ष्मी येते म्हणतात. दगडाचं, पितळेचं कासव ठेवा, देवळात असतंच. पण जिवंत चांदणी कासव म्हणजे स्टार कासव ठेवणं हा गुन्हा आहे, आणि २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारालाही कडक बंदी झाली.

परदेशी प्राण्यांसाठीही आता नियम आहेत. आंतरराष्ट्रीय करारात नोंदलेल्या जाती कुणाकडे असतील, तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. "दुकानदारानं बिल दिलंय" एवढ्यानं भागत नाही.

मग सांभाळायचं कसं? अंगणच राहण्यासारखं करा

इंग्लंडमधल्या आवारातल्या गोष्टी आठवा: ऊन, आडोसा, खोली, निचरा. यातली भिंत आणि जाळी काढून टाका. उरलेलं सगळं आपण आपल्या परसात, बांधावर करू शकतो. प्राणी आपोआप येतात, जातात, आणि आपल्याला रोज दिसतात. हे पाळणं नव्हे, शेजार म्हणा.

एक. घरापासून लांब, परसाच्या टोकाला किंवा बांधावर दगडांचा ढीग रचा. अर्धा ढीग जमिनीत, अर्धा वर. मोठे दगड खाली, चपटे वर. सकाळचं ऊन पडेल अशी बाजू मोकळी ठेवा, दुसऱ्या बाजूला झुडूप किंवा गवत राहू द्या. जागा थोडी उंचवट्याची निवडा, नाहीतर पावसाळ्यात बिळात पाणी भरतं.

दोन. बांध पेटवू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये बांधावरचं वाळलं गवत आणि तोडणीनंतर उसाचं पाचट पेटवायची पद्धत आहे. त्या आगीत सरडे, सापसुरळ्या, कासवं होरपळतात. पाचट कुजवलं तर जमिनीलाही खत मिळतं, आणि हे कृषी विभागही सांगतो.

तीन, आणि हे बीडकरांनी नीट ऐका. शेततळं. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर मराठवाड्यात शेततळी वाढली. चांगलंच झालं. पण त्यातला प्लास्टिकचा कागद फार गुळगुळीत असतो. पाणी प्यायला उतरलेली घोरपड, साप, ससा, कधी कुत्र्याचं पिल्लू, वर चढू शकत नाही आणि पोहून पोहून बुडतं. उपाय शंभर रुपयांतही होतो. जुनी पोती एकमेकांना शिवून किंवा जाड दोराची जाळी करून काठाला घट्ट बांधा आणि दुसरं टोक पाण्यात सोडा. चारही बाजूंना एकेक सोडली तर उत्तम. माणूस पडला तर त्यालाही धरायला काहीतरी होतं, हे वेगळं सांगायला नको.

चार. उंदरांसाठी चिकट पुठ्ठे लावता ना, त्यावर पालीही चिकटतात. लावायचेच तर बंद कोठीत लावा, भिंतीकडेला उघड्यावर नको. चिकटलेली पाल सापडली तर थोडं खाद्यतेल सोडून हळूहळू सुटते. आणि पिकाभोवती किंवा कुंपणाला लावलेली नायलॉनची जाळी काम झालं की गुंडाळून ठेवा, त्यात धामणी अडकून मरतात.

पाच. पकडून आणून सोडू नका. "आमच्या परसात सरडा नाही म्हणून दुसऱ्या गावाहून आणला" असं नको. नव्या जागी त्याला बीळ माहीत नसतं. थंडीची पहिलीच रात्र त्याला उघड्यावर गाठते.

पण साप आला तर?

हा प्रश्न येणारच, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जिथं सरडे आणि उंदीर, तिथं साप येतो. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आहेत. म्हणूनच म्हटलं, दगडांचा ढीग घरापासून लांब. भिंतीला लागून विटा, सरपण, कडब्याची गंज रचू नका. धान्य उंदीर जाणार नाही असं ठेवा, कारण साप घरात येतो तो उंदरामागं. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्या, मोबाईलची का असेना. जमिनीवर झोपण्याऐवजी खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, मण्यार रात्रीच फिरते.

आणि दंश झालाच तर? आवळून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला शांत ठेवा, दंश झालेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन लावा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. या चारही सापांवर चालणारं एकच प्रतिविष तिथं देतात. साप पकडून दाखवायला न्यायची गरज नाही.

साप घरात निघाला किंवा जखमी घोरपड सापडली, तर वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे. आपल्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला 'सर्पराज्ञी' हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र आहे, तिथं जखमी प्राण्यांवर उपचार करून त्यांना परत रानात सोडतात. प्राणी वाचवायची हौस असेल, तर अशा ठिकाणी जाऊन शिका. ती हौस पिंजऱ्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

आजीच्या गोष्टी आणि खरं खोटं

आता पटापट. पाल दुधात पडली की दूध विषारी होतं? आपल्या घरातल्या पालीला विष नसतं. पण तिच्या अंगावर, विष्ठेत जंतू असतात, म्हणून ते दूध टाकून द्यायचं हे बरोबर, कारण मात्र वेगळं. सापसुरळी चावली की माणूस मरतो? तिला विष नसतं. सरडा मान हलवून आपलं रक्त शोषतो? विणीच्या हंगामात नराचा गळा लाल होतो, आणि मान हलवून तो दुसऱ्या नराला सांगतो की ही जागा माझी आहे. आपल्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

घोरपडीला दोर बांधून तानाजीरावांनी सिंहगड चढला, ही गोष्ट पोवाड्यातली. इतिहास म्हणून तिला पुरावा मिळत नाही, पण घोरपडीच्या पकडीचं कौतुक आपल्या भाषेत किती जुनं आहे, ते त्यातून कळतं. ज्या प्राण्याला गोष्टीत एवढा मान दिला, त्याला बिळातून उकरून काढणं आपल्याला शोभत नाही. थंडीत तर ती पळूही शकत नाही.

आणि एक अभिमानाची गोष्ट. आपल्या पठारांवर गळ्याला पंखा असलेले सरडे आहेत. पावसाआधीच्या महिन्यांत नर दगडावर चढतो आणि गळ्याचा पंखा उघडतो. काहींचा तर निळा, काळा, नारिंगी असा झगझगीत. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांचा नवा गट ठरवला आणि त्याला नाव दिलं 'सरडा'. हो, आपला मराठी शब्द! साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर यातला 'सरडा सुपर्बा' राहतो. तिथं पवनचक्क्या आहेत, वारा बोचरा, हवा गार. २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं की पवनचक्क्यांमुळे तिथं शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून सरडे वाढले, पण प्रत्येकाला खायला कमी पडायला लागलं. म्हणजे सरड्यावर त्याचं घर, त्याचा शत्रू, त्याचं अन्न या सगळ्याचा परिणाम होतो. पिंजऱ्यात यातलं काहीच दिसत नाही.

या हिवाळ्यात करायचं काम

तर नेकनूरच्या आपल्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. घोरपड अंगणात आणू नकोस. एवढंच कर. डिसेंबरात रोज सकाळी एकाच जागी, कुंपणाजवळ किंवा बांधावर, लक्ष ठेव. पहिला सरडा किती वाजता बाहेर येतो, कोणत्या दगडावर बसतो, तोंड कुठल्या दिशेला असतं, ढगाळ दिवशी येतो का, ते वहीत किंवा मोबाईलमध्ये लिही. महिनाभर लिहिलंस की तुझ्या गावची थंडी त्या सरड्याला कशी वाटते हे तुला कळेल, आणि ते यूट्यूबवर कुठेच मिळणार नाही. फोटो काढलास तर आयनॅचरलिस्ट अ‍ॅपवर टाक, जाणकार लोक नाव सांगतात. फक्त घोरपडीचं बीळ कुठं आहे ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नकोस. वाचणारे सगळेच चांगले नसतात.

आणि शेततळ्यात पोत्याची शिडी सोडलीत, तर तिचा फोटो आम्हाला पाठवा. पुढच्या भागात दाखवू. तोवर काळजी घ्या, आणि सरडा दिसला की दगड उचलू नका. भेटू पुढच्या आठवड्यात!